एकांत उपसमिती

घरभेट संपवावी कशी, हे पाळकाला कोणी शिकवत नाही. सेमिनरीत आम्हाला ग्रीक शिकवलं, प्रवचनाचे तीन मुद्दे कसे काढायचे ते शिकवलं, पण लोकांच्या सोफ्यावरून उठायचं कसं हा विषय अभ्यासक्रमात नव्हता. तो मी स्वतःच शोधून काढला. बोलणं लांबायला लागलं आणि पुढच्या घरी साडेसातची वेळ दिलेली असली, की दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवायचे, डोळे अर्धवट मिटायचे आणि म्हणायचं, "चला, प्रार्थना करू या." यापुढे कोणी बोलत नाही. बायका डोक्यावर पदर घेतात, मुलं टीव्हीचा आवाज बंद करतात, आणि चार मिनिटांत मी जिन्यात चपला घालत असतो. पुढे मला कळलं की आमच्या कामातले बरेच जण हेच करतात. आम्ही आपापसांत त्याबद्दल कधी बोललो नाही, एवढंच.

ही युक्ती नसती तर इंदूरमध्ये मी कुठल्यातरी घरात कायमचाच राहिलो असतो. या शहरात माणूस कामासाठी येत नाही. "कुछ नहीं पास्टरजी, बस ऐसे ई," म्हणत येतो आणि दीड तासानं, दारात उभा राहून, काम सांगतो. माझे आजोबा नगरकडून इथल्या मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आले. तेव्हापासून आम्ही इथलेच. आमच्या चर्चची मंडळी लहान आहे. अर्धी मराठी बोलते, आणि अर्धी आपण मराठी बोलतो असं समजते. पाळकाचं घर चर्चच्या आवारातच, फाटक एकच. सकाळी सहाला दूधवाला येतो आणि त्याच्या मागोमाग कोणी ना कोणी. शिफारसपत्र हवं, मुलाला दोन शब्द सांगा, नवी स्कूटर घेतलीय तिच्यासाठी प्रार्थना करा, सासू बरोबर की सून ते एकदा सांगून टाका. मी कोणालाच कधी नाही म्हणालो नाही. हा माझा सद्गुण आहे असं मंडळी समजत होती आणि मीही समजत होतो. बायको समजत नव्हती. ती शाळेत शिकवते. चाळीस मुलांत कोण ऐकतंय आणि कोण नुसतं बघतंय, हे तिला फळ्याकडे तोंड करूनही कळतं.

एका शनिवारी संध्याकाळी मंडळीतला एक सभासद माझ्याकडे आला. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. बडा गणपतीला त्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. रविवारी तो आईला घेऊन मागून तिसऱ्या बाकावर बसायचा, उपासना संपली की तिला हाताला धरून रिक्षात चढवायचा, आणि वर्षानुवर्षं 'जय मसीह की' याखेरीज माझ्याशी काही बोलला नव्हता. त्या दिवशी बोलला. पंचवीस मिनिटं तरी बोलला असेल. त्या आठवड्यात माझी दोन दफनं, एक साखरपुडा आणि चर्चच्या गळक्या टाकीवरून एक भांडणाची बैठक झाली होती, आणि दुसऱ्या दिवशीचं प्रवचन अजून कागदावर उतरलं नव्हतं. मी त्याच्याकडे बघत होतो. मान हलवत होतो. योग्य जागी "अरेरे" म्हणत होतो; ते मला झोपेतही जमतं. डोक्यात मात्र टाकी होती. शेवटी तो थांबला आणि म्हणाला, "तर आता सांगा पास्टरजी, मी काय करू?"

त्याच्या बोलण्यातला एक शब्दही मला आठवेना. मी हात गुडघ्यांवर ठेवले. "चला, प्रार्थना करू या."

त्यानं डोळे मिटले नाहीत.

"प्रार्थना तर मी घरून करूनच निघालो होतो," तो म्हणाला. "तुम्ही ऐकाल म्हणून आलो."

मग तो उठला, नमस्कार केला आणि निघून गेला. आवाज चढवला नाही, फाटक आपटलं नाही. आपटलं असतं तर मला जरा बरं वाटलं असतं. मी मागे धावलो नाही. धावून विचारणार काय, तुम्ही आत्ता काय म्हणालात? पंचवीस मिनिटं समोरासमोर बसून हे विचारणं म्हणजे सरळ कबुलीच झाली असती, आणि माझी तेवढी तयारी नव्हती. मी आत जाऊन प्रवचन लिहायला बसलो. विषय सहानुभूती होता.

पुढच्या रविवारी तिसरा बाक रिकामा होता. त्याच्या पुढच्याही. आई अंथरुणाला खिळलीय, असं कोणीतरी सांगितलं. मी घरी गेलो, दोनदा गेलो, पण वेळ मुद्दाम दुपारची निवडली, म्हणजे तो दुकानात असेल. दोन्ही वेळा आजी, म्हणजे त्याची आई, गुंगीत होत्या आणि शेजारीण बसलेली होती. प्रार्थना करून परतलो. दीड महिन्यानं आजी गेल्या. दफनविधी मीच केला आणि छान झाला. आज पास्टर अगदी मनापासून बोलले, असं लोक परतताना म्हणत होते. कबरेपाशी त्यानं माझ्याशी हात मिळवला आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिला. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. त्या शनिवारी तो जे काही बोलला, त्याचा आज इथे उभं राहण्याशी संबंध तर नसेल? विचारायचा धीर झाला नाही. घरी येऊन मी जेवलो नाही.

त्याच महिन्यात कार्यकारिणीच्या बैठकीत, आयत्या वेळच्या विषयांत, मी म्हणालो की मला आठवड्यातून एक दिवस एकांत हवा आहे. प्रभू स्वतः गर्दी सोडून एकटेच डोंगरावर जात, यावर मी दर वर्षी उपवासकाळात प्रवचन करतो आणि ते सगळ्यांना आवडतं. पण आता मीच जायचं म्हणतोय म्हटल्यावर टेबलाभोवतीचे सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सगळ्यांत ज्येष्ठ सभासद, रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, मला म्हणाले, "तबियत तर ठीक आहे ना?"

ठीक आहे, म्हटलं.

"घरात काही?"

काही नाही.

"मग अकेले बसून तुम्ही करणार काय?"

"काही नाही," मी म्हणालो. हे उत्तर इतिवृत्तात लिहिलं गेलं नाही. ठराव मात्र एकमतानं झाला: पाळकांना दर सोमवारी एकांत देण्यात यावा. आणि त्याची नीट व्यवस्था राहावी म्हणून तीन जणांची एकांत उपसमिती नेमण्यात आली.

इथे कोणाचाही हेतू वाईट नव्हता, हे सांगितलं पाहिजे. आमच्या लोकांच्या लेखी माणसाला एकटं सोडणं म्हणजे त्याची आबाळ करणं. आजारी माणसाच्या खोलीत ते सहा जण बसवतात. घरात कोणी गेलं तर चाळीस दिवस त्या घराचं दार लागू देत नाहीत. पाळकाला एकांत द्यायचा तर तोही त्यांनी त्यांच्या पद्धतीनं, मनापासून दिला.

उपसमितीनं मानपूरजवळ एका सभासदाच्या मेहुण्याच्या शेतावरची खोली ठरवली. पहिल्या सोमवारी तिघेही मला गाडीतून सोडायला आले. पंखा चालू-बंद करून पाहिला, खाटेवर बसून पाहिलं, विहिरीत डोकावले. मग मला एकदम सुनंसुनं वाटू नये म्हणून जेवणापर्यंत थांबले. दोनला गेले आणि साडेतीनला फोन आला: "एकांत कसा चाललाय पास्टरजी? काही कमी तर नाही ना?" दुसऱ्या सोमवारी महिला मंडळ डबा घेऊन आलं, आणि डब्याबरोबर गीतांची पुस्तकं. तिसऱ्या सोमवारी मी खोलीबाहेर खाटेवर बसलो होतो, तेव्हा हायवेवरून एक मिनीबस शेताकडे वळली. बावीस माणसं, एक ढोलक आणि दालबाफल्याच्या स्वयंपाकाचं सामान. शेताचा राखणदार माझ्याकडे बघून म्हणाला, "भिया, आपके तो बहोत लोग हैं."

मी त्यांच्याबरोबर गीतं म्हटली. बाफले चांगले झाले होते. असा एकांत महिन्यातून एकदा सगळ्या मंडळीनंच घ्यावा, अशी सूचना परतीच्या वाटेवर ज्येष्ठ गृहस्थांनी मांडली आणि बसमध्येच ती मंजूर झाली.

मला संताप आला होता. पण खरं सांगायचं तर मिनीबस वळताना दिसली तेव्हा संतापाच्या आधी मला हायसं वाटलं होतं. कारण खाटेवर एकटं बसलं की थोड्या वेळानं तो, त्या शनिवारसारखाच, समोर येऊन बसायचा आणि विचारायचा, मी काय करू? आणि मला अजूनही माहीत नव्हतं की कशाबद्दल.

हे सगळं मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. तिनं ऐकून घेतलं, मधे एकदाही "अरेरे" म्हणाली नाही.

"म्हणजे तुम्हाला एकांत हवाय असं नाही," ती म्हणाली. "तुम्हाला लपायला जागा हवीय."

मी ताटं घ्यायला लागलो.

"दोन्हीला चालेल अशी एक खोली आहे माझ्या माहितीत."

सुदामा नगरमध्ये तिच्या शाळेतले गणिताचे एक सर राहतात, आता निवृत्त. जुनं मराठा घराणं. पूर्वज संस्थानच्या फौजेत घोडदळात होते. सरांकडे एक सायकल आहे. पत्नी वारली, मुलगी पुण्याला, वरच्या मजल्यावरची खोली रिकामी. बायकोनं परस्परच विचारलं. सरांनी होकार देताना दोन अटी घातल्या: वेळ दहा ते चार, आणि चहा मिळणार नाही. इंदूरमध्ये असं तोंडावर सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला त्यांच्याबद्दल तिथेच आदर वाटायला लागला. मोबाइल घरी ठेवायचा असं ठरलं. एकांताची जागा बदललीय आणि ती सांगता येणार नाही, असं बायकोनंच उपसमितीला कळवलं. उपसमितीला ते लागलं. पण मंडळीतल्या अर्ध्या लोकांना तिनं शाळेत शिकवलंय, त्यामुळे कोणी उलट बोललं नाही.

पहिला सोमवार मी झोपलो. दुसरा सोमवारही झोपलो. तिसऱ्या सोमवारी प्रार्थनेला बसलो आणि एक गोष्ट ध्यानात आली. दर चार-पाच मिनिटांनी मी आमेन म्हणत होतो. म्हणायचो, उठायचो, खिडकीशी जायचो, परत येऊन बसायचो, दोन वाक्यं बोलायचो आणि पुन्हा आमेन. देवाशीही माझं घरभेटीसारखंच चाललं होतं. त्यानं तोंड उघडायच्या आत मी जिन्यात. किती वर्षं हे चाललं असेल याचा मी अंदाज घेतला आणि मग घेणं थांबवलं. मला लाज वाटली.

एव्हाना खाली गल्लीत बोलणं सुरू झालं होतं. शेजारच्या गृहस्थांनी सरांना फाटकात गाठलं. मी वर खिडकीतच होतो, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"सर, ते चर्चवाले दर सोमवारी येतात, वर दरवाजा लावून घेतात. कुछ गड़बड़ तो नहीं? तुम्हालाच बदलून टाकतील एखाद दिवशी."

"ते माझ्याशी बोलतच नाहीत," सर म्हणाले. "बदलायला कमसे कम बोलावं तरी लागेल."

त्याच आठवड्यात आमच्या मंडळीत बातमी पोहोचली की पास्टर सुदामा नगरला एका हिंदू घरात गुपचूप जाऊन बसतात. कोणी म्हणालं ध्यान शिकतात, कोणी म्हणालं पत्रिका दाखवतात. दोन्हीकडच्या लोकांना मी पलीकडे चाललोय असं वाटत होतं. इतकी वर्षं चोवीस तास चारचौघांत होतो तेव्हा माझ्याकडे कोणी संशयानं पाहिलं नव्हतं. मी सरांना म्हणालो, तुम्हाला त्रास होत असेल तर येणं बंद करतो.

"त्रास तुम्ही चहा मागितलात तर होईल," सर म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

पाचव्या सोमवारी मी काहीच करायचं नाही असं ठरवलं. प्रार्थनासुद्धा नाही. भिंतीला पाठ टेकून बसलो. खाली सरांच्या कुकरच्या शिट्या झाल्या, गल्लीतून भाजीवाला ओरडत गेला, मग तेही थांबलं. दुपारी केव्हातरी तो शनिवार समोर आला. या वेळी मी उठून खिडकीशी गेलो नाही. बसून राहिलो. शब्द आठवले नाहीत. ते मी ऐकलेच नव्हते तर आठवणार कुठून. पण त्याचे हात दिसले. मशीनच्या तेलानं काळी पडलेली नखं, आणि मांडीवर एक निळी प्लास्टिकची फाइल. बोलता बोलता तो ती उघडायचा आणि मी मान हलवली की पुन्हा मिटायचा. शिफारसपत्र हवं असलेले लोक माझ्याकडे फाइल घेऊन येतात. ही त्यातलीच समजून मी तिच्याकडे परत पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. तिच्यात न मावणारं एक मोठं खाकी पाकीट बाहेर आलं होतं, एक्स-रेचं असतं तसं.

तो आईचा आजार घेऊन माझ्याकडे आला होता. हे सगळं त्या शनिवारी संध्याकाळी माझ्या डोळ्यांसमोर, दोन हातांवर होतं. मी रडलो. बराच वेळ रडलो, आणि खाली ऐकू जाईल याची फिकीर केली नाही.

दीडच्या सुमाराला खाली उतरलो.

"आज लवकर?" सरांनी विचारलं.

"एकाकडे जायचंय."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, आत गेले आणि तांब्याभर पाणी आणून दिलं. मी ते सगळं प्यायलो आणि बडा गणपतीची रिक्षा पकडली.

दुपारची वेळ होती, दुकानात तो एकटाच होता. एक जुनं मशीन आडवं पाडून त्याचा खालचा भाग उघडला होता. मला बघून त्यानं स्टूल पुढे सरकवलं. गिऱ्हाइकालाही सरकवतो तसंच.

"त्या शनिवारी तुम्ही जे सांगितलंत, त्यातलं मी काहीच ऐकलं नव्हतं," मी म्हणालो. "एक शब्दही नाही."

"माहीत आहे मला," तो मशीनकडे बघत म्हणाला.

"मग दफनाला मला कशाला बोलावलंत?"

"आणखी कोणाला बोलावणार? आईला तुमचं प्रवचन पसंत होतं."

मी स्टुलावर बसलो. मग म्हणालो, "आज सांगाल का? पुन्हा, पहिल्यापासून?"

"आता काय फायदा पास्टरजी. आई तर गेली."

"फायदा काही नाही," मी म्हणालो. "तरी सांगा."

त्यानं पेचकस खाली ठेवला, उठून शटर अर्धं ओढलं आणि सांगायला लागला. आईच्या पोटात गाठ निघाली होती. ऑपरेशन केलं तर कदाचित वर्ष-दोन वर्षं मिळतील, कदाचित टेबलावरच जातील, असं डॉक्टर म्हणाले. आई म्हणाली, मला चिरू नका, घरी राहू द्या. भोपाळची बहीण फोनवर म्हणाली, आईचं काय ऐकतोस, तिला काय कळतं, भरती कर. डॉक्टरांना सोमवारी उत्तर द्यायचं होतं. म्हणून शनिवारी तो फाइल घेऊन माझ्याकडे आला. माझ्याकडून परत गेल्यावर रविवारभर विचार करून त्यानं आईचं ऐकायचं ठरवलं.

"शेवटच्या हफ्त्यात तिला बहुत दुखायला लागलं," तो म्हणाला. "एक दिवस तिनंच विचारलं, तू मला नेलं का नाहीस रे? आता मी काय सांगू? तूच नको म्हणाली होतीस, असं सांगू? तशा हालतीत? मी म्हणालो, चुकलं माझं, आई. बस."

शटरखालून वाकून एका बाईनं मशीन झालं का म्हणून विचारलं. "कल आना, दीदी," तो म्हणाला. ती गेली. मग त्यानं माझ्याकडे सरळ पाहिलं.

"आता तुम्ही बताओ पास्टरजी. चुकलो का मी?"

माझ्याकडे उत्तरं होती. अशा वेळची उत्तरं पाळकाकडे तयारच असतात, आणि सगळी काही खोटी नसतात. देवाची इच्छा होती. तुम्ही मुलाचं कर्तव्य केलंत. आई आता वेदनेच्या पलीकडे आहेत. मी एकेक मनात म्हणून पाहिलं. पण आज मी त्याचं सगळं ऐकलं होतं, आणि ऐकल्यानंतर यातलं एकही तोंडातून निघेना.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

तो चिंधीनं हाताचं तेल पुसत राहिला, एकेक बोट.

"एवढंच त्या दिवशी म्हणाला असतात ना," तो म्हणाला, "तर इतका अकेला नसतो पडलो मी."